‘मी कॉपी केली नाही’ हे सांगायचं कसं? बोर्डाच्या परीक्षेत आरोप झाला तर विद्यार्थी-पालकांनी काय करावं

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. गोरेगाव तालुक्यातल्या एका केंद्रावर दहावीचा पेपर सुरू आहे. भरारी पथक वर्गात येतं. तिसऱ्या बाकाखाली घडी केलेला कागद सापडतो. बाकावरची मुलगी म्हणते, कागद माझा नाही. पथकाला अजून दोन केंद्रं करायची असतात. थोड्याच वेळात कागद उत्तरपत्रिकेला जोडला जातो, एका फॉर्मवर मुलीची सही होते आणि तिचा आसन क्रमांक ‘गैरमार्ग प्रकरण’ म्हणून कागदावर चढतो. बाबा त्या वेळी उन्हाळी धानाच्या बांधीत असतात. त्यांचा फोन लागतो दुपारी दोनला. तोवर गावात बातमी पोहोचलेली असते.

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण दरवर्षी परीक्षेच्या दिवसांत ‘इतके कॉपीबहाद्दर पकडले’ अशी एक ओळ आपण वाचतो, त्या आकड्यातल्या प्रत्येकाच्या घरी साधारण असंच काहीतरी घडलेलं असतं. त्यातले बहुतेक खरोखर कॉपी करताना सापडतात, हे मान्य. पण सगळेच? आणि ज्याने केली नाही त्याने ते सांगायचं कुठे, कोणाला, कोणत्या कागदावर? हे शाळेत कोणी शिकवत नाही.

सही करण्याआधी काय?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत गैरमार्गाचा आरोप झाला की केंद्रावर ढोबळमानाने तीन गोष्टी होतात. सापडलेला कागद किंवा मोबाइल जप्त होतो, पर्यवेक्षक आणि केंद्रसंचालक आपला अहवाल लिहितात आणि विद्यार्थ्याचा जबाब घेतला जातो. हे सगळं पाकिटात बंद होऊन विभागीय मंडळाकडे जातं. गोंदिया जिल्ह्यासाठी ते मंडळ म्हणजे नागपूर. शिक्षेचा निर्णय तिथे होतो. केंद्रावरचे सर किंवा पथकातले साहेब ‘तुझं वर्ष गेलं’ असं म्हणाले, तरी वर्ष घालवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

यातला विद्यार्थ्याच्या हातात असलेला कागद एकच, तो म्हणजे जबाब. पुढच्या तीन महिन्यांत समिती जे वाचणार, त्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा आवाज तेवढाच. आणि नेमका तोच कागद सगळ्यात घाईत, सगळ्यात घाबरलेल्या अवस्थेत लिहिला जातो. ‘लिही की माझ्याकडे कॉपी सापडली, सोडून देतो’ असं कोणी म्हटलं आणि मुलाने ते लिहिलं, तर नंतर नागपूरला जाऊन ‘ते माझ्याकडून लिहून घेतलं’ हे पटवणं फार जड जातं.

म्हणून परीक्षेला जाण्याआधी मुलाला एवढंच सांगून ठेवा : आरोप खोटा असेल तर रड, घाबर, पण जबाबात खोटं लिहू नकोस. रागही लिहू नकोस. ‘सर माझ्यावर डूख धरून आहेत’ हे वाक्य खरं असलं तरी समितीच्या उपयोगाचं नसतं. उपयोगाचं असतं ते असं :

‘माझा आसन क्रमांक अमुक. मी खोली क्रमांक अमुकमध्ये तिसऱ्या बाकावर बसले होते. ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास माझ्या बाकाखाली जमिनीवर एक कागद सापडला. तो कागद माझ्या हातात, कंपासमध्ये किंवा कपड्यांत नव्हता. कागदावरील अक्षर माझे नाही. त्यातील मजकूर माझ्या उत्तरपत्रिकेत नाही. माझी अंगझडती घेतली असता काही सापडले नाही. मला हा आरोप मान्य नाही.’

आठ वाक्यं. यात कागद कुठे सापडला, अक्षर कोणाचं आणि उत्तरपत्रिकेशी त्याचा संबंध काय, या तिन्ही गोष्टी आल्या. समितीला तपासून बघता येतील अशा गोष्टी याच तीन आहेत. अर्थात जे खरं असेल तेवढंच लिहायचं. अक्षर मुलीचंच असेल आणि ‘माझे नाही’ असं लिहिलं, तर बाकीच्या सात खऱ्या वाक्यांची किंमतही शून्य होते.

छापील फॉर्मवर कबुलीचा मजकूर आधीच असेल तर सहीच्या वर ‘मला आरोप मान्य नाही’ एवढं स्वतःच्या अक्षरात लिहून मग सही करता येते. सही नाकारून पळून जाणं मात्र टाळा. त्याचा वेगळाच अहवाल होतो.

त्याच संध्याकाळी

पालकांनी पहिलं काम भांडण न करता एक अर्ज लिहिण्याचं करावं. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रसंचालकांना, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. अर्जात मागायचं एवढंच : जप्त केलेल्या कागदाचा आणि आमच्या पाल्याच्या जबाबाचा तपशील द्यावा आणि त्या खोलीचं सीसीटीव्ही किंवा इतर चित्रीकरण असल्यास ते जपून ठेवावं.

ही शेवटची मागणी महत्त्वाची आहे. अलीकडच्या वर्षांत कॉपीमुक्त अभियानात केंद्रांवर कॅमेरे आले, काही ठिकाणी ड्रोनही फिरले. कॅमेरा कॉपी करणाऱ्याला पकडतो, तसाच न करणाऱ्याला वाचवूही शकतो. पण बहुतेक सीसीटीव्ही यंत्रणांत हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं. किती दिवसांत, ते डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून. निकालापर्यंत थांबून मग फुटेज मागितलं तर ते मिळेल याची खात्री नाही. अर्ज पहिल्या दिवशीच हवा.

मुलाकडून घरी बसून दुसरा एक कागद लिहून घ्या : कोण कुठे बसलं होतं, कोणते प्रश्न त्या वेळेपर्यंत लिहून झाले होते, पर्यवेक्षक काय म्हणाले. तारीख घालून ठेवा. दोन महिन्यांनी नागपूरला विचारतील तेव्हा आठवणीपेक्षा हा कागद भरवशाचा.

‘ऐकून घेतलं पाहिजे’ हे कुठून आलं?

हा हक्क कोणाच्या मेहरबानीतून आलेला नाही. त्यामागे तीन विद्यार्थी आहेत.

१९५४ साली उत्तर प्रदेशात इंटरमिजिएटची परीक्षा झाली. हे तिघं पास झाले, निकालही लागला. काही महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, मंडळाने त्यांचा निकाल रद्द केल्याचं आणि १९५५ च्या परीक्षेलाही बसता येणार नसल्याचं त्यांना कळलं. कारण : गैरमार्ग. मधल्या काळात त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. घनश्याम दास गुप्ता या नावाने ओळखला जाणारा तो निकाल १९६२ मध्ये आला. परीक्षा समिती विद्यार्थ्याचं भवितव्य ठरवते, तेव्हा ती न्यायालयासारखंच काम करत असते. त्यामुळे कायद्यात तसं लिहिलेलं नसलं, तरी विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय शिक्षा करता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. आज नागपूर मंडळाचं सुनावणीचं पत्र गोरेगावच्या घरात येतं, त्याचं मूळ इथे आहे.

पण याच न्यायालयाने दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली आहे आणि पालकांना ती ठाऊक असलेली बरी. उत्तर प्रदेशातल्याच बागलेश्वर प्रसाद या विद्यार्थ्याच्या प्रकरणात निकाल लिहिला तो न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. तिथे चिठ्ठी सापडली नव्हती. दोन विद्यार्थ्यांची चुकीची उत्तरं सारखीच चुकलेली होती. एवढ्या परिस्थितीजन्य पुराव्यावर समितीने काढलेला निष्कर्ष न्यायालयाने टिकवला. शैक्षणिक संस्थांच्या चौकशीत न्यायालयांनी सहसा हात घालू नये, असं त्याचं सूत्र.

बिहारमधल्या एका केंद्राचं प्रकरण १९७० चं. तिथला निकाल इतर केंद्रांच्या तुलनेत इतका चढा लागला की मंडळाने सगळ्या केंद्राची परीक्षाच रद्द केली. एकेका विद्यार्थ्याला बोलावलं नाही. सरन्यायाधीश हिदायतुल्ला (आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश) यांनी ते योग्य ठरवलं. आरोप एका मुलावर असेल तर त्याचं ऐकलं पाहिजे. परीक्षाच खरी झाली नाही असं म्हणणं असेल, तर प्रत्येकाचं ऐकण्याची गरज नाही. ‘केंद्रावर सगळेच करतात, आमच्याच पोराला का पकडलं’ असं म्हणणाऱ्या पालकांनी हा निकाल लक्षात ठेवावा. सगळेच करतात हे सिद्ध झालं तर सगळ्यांचंच जातं, न करणाऱ्याचंही.

महाराष्ट्राचं स्वतःचं प्रकरण : मार्च १९९०

आपल्या मंडळाचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण मुंबई विभागातलं आहे. मार्च १९९० च्या दहावीच्या परीक्षेत नियामकांच्या गुणपत्रकांमध्ये खाडाखोड आढळली. तब्बल २८३ विद्यार्थ्यांचे गुण वाढवलेले. निकाल राखून ठेवले गेले, कारणे दाखवा नोटिसा गेल्या, सात चौकशी अधिकारी नेमले गेले. मुलांना पालकांसोबत बोलावून कागद दाखवले, प्रश्नावली दिली. बहुतेकांचं म्हणणं असं की गुण बदललेले दिसतात हे खरं, पण आम्ही काही केलेलं नाही, कोणी केलं ते माहीत नाही.

मंडळाने निकाल रद्द केले. मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचा निर्णय उलटवला. सर्वोच्च न्यायालयात मात्र १९९१ मध्ये मंडळ जिंकलं.

न्यायालयाने तिथे पुराव्याची जी पट्टी सांगितली ती आजही लागू आहे. फौजदारी खटल्यात आरोप ‘संशयाला जागा न ठेवता’ सिद्ध व्हावा लागतो. परीक्षा मंडळाच्या चौकशीत तसं नाही. इथे दोन शक्यतांपैकी कोणती जास्त संभवते, एवढंच बघितलं जातं. वाढलेल्या गुणांचा फायदा या मुलांनाच होणार होता. मग ते त्यांच्या किंवा त्यांच्या पालकांच्या सांगण्यावरून झालं असणं जास्त संभवनीय, असा तो तर्क.

मला व्यक्तिशः हा तर्क थोडा कडक वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या माघारी कोणी व्यवहार केला असेल, तर तो मुलगा काय दाखवून निर्दोष ठरणार? पण कायदा आज असा आहे. त्यामुळे ‘त्यांनी सिद्ध करावं, आम्ही गप्प बसू’ ही टीव्हीवरच्या वकिलांची चाल इथे चालत नाही. गप्प बसलात तर तराजू दुसरीकडे झुकतो.

३७२ उत्तरपत्रिका

आता उलट उदाहरण. २०२३ च्या बारावीच्या परीक्षेत भौतिकशास्त्राच्या ३७२ उत्तरपत्रिकांमध्ये विद्यार्थ्यांव्यतिरिक्त दुसरंच अक्षर आढळलं. छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाने या सगळ्यांना मे महिन्यात सुनावणीला बोलावलं. निकालाच्या तोंडावर घरोघरी पत्रं गेली. वरवर पाहता प्रकरण उघडं होतं : पेपर तुझा, त्यात दुसऱ्याने लिहिलेलं, फायदा तुझा.

मुलांनी सांगितलं, हे अक्षर आमचं नाही, आम्हाला यातलं काही माहीत नाही. आणि इथे फक्त शब्दावर शब्द नव्हता. वेगवेगळ्या केंद्रांवरच्या शेकडो उत्तरपत्रिकांत तेच ते अक्षर दिसत असेल, तर ते परीक्षेच्या खोलीत उमटलेलं असणं अवघड. संशय उत्तरपत्रिका पुढे ज्यांच्या हातून गेल्या त्यांच्याकडे वळला आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो दोन शिक्षकांवर.

३७२ जण एकत्र होते म्हणून नमुना दिसला. एकट्या मुलाच्या बाबतीत तो दिसणार नाही. पण अक्षर तपासा, शाई तपासा, मजकूर जुळतो का बघा, ही मागणी एकटा मुलगाही करू शकतो. चिठ्ठीतली चार वाक्यं उत्तरपत्रिकेत कुठेच नसतील, तर तो मुद्दा सुनावणीत स्वतःहून मांडा. समिती आपणहून काढेल याची वाट बघू नका.

उत्तरं सारखी आली म्हणजे कॉपी?

हा आरोप शाळेच्या चाचणीत जास्त होतो. दोन मुलांची उत्तरं शब्दशः सारखी. गोरेगावसारख्या गावात याचं साधं कारण असू शकतं : दोघं एकाच शिकवणीला जातात, एकाच सरांच्या नोट्स पाठ करतात, नाहीतर दोघांकडे एकच अपेक्षित प्रश्नसंच आहे. ‘पर्जन्यजलसंधारणाचे फायदे लिहा’ याचं उत्तर अख्ख्या बॅचचं सारखं आलं तर नवल नाही.

बरोबर उत्तर सारखं येण्यातून फारसं काही कळत नाही. बरोबर उत्तर असतंच एक. चुकीची उत्तरं मात्र शंभर प्रकारची असू शकतात. त्यातली तीच चूक, त्याच पायरीवर, त्याच आकड्यात दोघांकडे सापडली, की प्रश्न उभा राहतो. गजेंद्रगडकरांच्या निकालातही मुद्दा चुकांचाच होता. तेव्हा आरोप झाला की पालकांनी विचारावं : नेमकं काय जुळतंय? जुळणारी चूक सरांच्या नोट्समध्येच असेल (असते, बऱ्याचदा असते), तर ती वही घेऊन जा. ‘चूक नोट्समधली आहे’ यापेक्षा सोपा बचाव नाही.

आणि दोघांपैकी उतरवलं कोणी, हे सारखेपणातून कळत नाही. गणितात तोंडी विचारून, फळ्यावर तसंच एक उदाहरण सोडवायला लावून ते पाच मिनिटांत कळतं. आपणहून मागा : ‘सर, तिला आत्ता विचारा.’ ज्याला येतं त्याच्यासाठी हा सगळ्यात चांगला मार्ग आहे.

प्रकल्प ‘एआयने लिहिला’ असं म्हटलं तर?

जलसुरक्षा किंवा पर्यावरणाच्या प्रकल्पवहीवर आता हा नवा शेरा येऊ लागला आहे. शिक्षक मजकूर एखाद्या वेबसाइटवर टाकतात, ती ‘८७ टक्के एआय’ असं काहीतरी दाखवते, आणि विषय संपतो.

विषय तिथे संपायला नको. ही यंत्रं मजकूर कोणी लिहिला हे ओळखत नाहीत. पुढचा शब्द किती अपेक्षित होता, वाक्यरचना किती एकसारखी आहे, यावरून अंदाज बांधतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच असं यंत्र २०२३ च्या जानेवारीत आणलं. कंपनीच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेला फक्त २६ टक्के मजकूर पकडत होतं आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर चुकीने एआयचा ठरवत होतं. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते बंद केलं. बनवणाऱ्यांनाच जमलं नाही, हे लक्षात घ्या.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या यंत्रांनी एआयचे ठरवले. कारण सरळ आहे : परकी भाषा शिकणारा साधे, ठरावीक शब्द आणि ठरावीक साच्यातली वाक्यं वापरतो. सेमी इंग्रजीतून शिकणारं आपलं पोर विज्ञानाचा प्रकल्प इंग्रजीत लिहितं तेव्हा नेमकं हेच करतं.

बचाव : कच्ची वही फेकू नका. मोबाइलवर लिहिलं असेल तर गुगल डॉक्समध्ये लिहा. त्यात कोणत्या दिवशी काय बदललं याचा इतिहास राहतो. विहिरीची खोली मोजली असेल तर तिथला फोटो ठेवा. आणि मजकुरावर तोंडी प्रश्न विचारायची विनंती करा. (इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कोणाचंच जर्नल उतरवलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, त्यामुळे फार वरच्या पट्टीत बोलणं मला शोभणार नाही.)

झडती, मारहाण, ‘दाखला घेऊन जा’

ऑक्टोबर २०२२ मध्ये झारखंडमधल्या जमशेदपूरला नववीतल्या एका मुलीवर चिठ्ठी लपवल्याचा संशय आला. तपासणीच्या नावाखाली तिला गणवेश उतरवायला लावला गेला. मुलगी घरी गेली आणि तिने स्वतःचा जीव धोक्यात घातला. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. शिक्षिकेला अटक झाली. कॉपीची शिक्षा काय असते, तर फार तर काही गुण. ती मुलगी गेली ती अपमानामुळे.

मुलींची झडती महिला कर्मचाऱ्यानेच घ्यायची आणि कपडे उतरवायला कोणीही, कोणत्याही कारणाने लावायचं नाही. असं झालं तर तो शिस्तीचा मुद्दा राहत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं गुन्हा आहे. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर पोक्सो आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. ‘हिने कॉपी केली’ अशी पाटी गळ्यात घालून वर्गापुढे उभं करणं हा मानसिक छळच. याच कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, त्यामुळे सहावीतल्या मुलाच्या बापाला ‘दाखला घेऊन जा’ म्हणणाऱ्या शाळेला लेखी द्यायला सांगा. लेखी सहसा येत नाही.

तक्रारीची वाट : आधी मुख्याध्यापक, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, माध्यमिक शाळा असेल तर गोंदिया जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). गंभीर प्रकारात राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. मूल संकटात असेल तर १०९८.

पोलिसांची भीती घातली जाते म्हणून तेही. राज्यात परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘कॉपी केल्यास १ कोटी दंड’ हा संदेश मात्र केंद्राच्या २०२४ च्या कायद्यातून उचललेला आहे. तो पेपर फोडणाऱ्या टोळ्या आणि संस्थांसाठी आहे आणि त्याच्या यादीत यूपीएससी, रेल्वे भरती, एनटीए अशा केंद्रीय परीक्षा आहेत. यादीत ‘एसएससी’ दिसतं ते स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावी नव्हे. आणि काहीही झालं तरी अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.

नागपूरची सुनावणी

पत्र शाळेमार्फत येतं, त्यामुळे शाळेत विचारत राहा. पत्र आलंच नाही आणि तारीख निघून गेली, हे होऊ देऊ नका. गोंदियाहून नागपूर रेल्वेने १३० किलोमीटरच्या आसपास. सकाळची सुनावणी असेल तर आदल्या दिवशी निघणं बरं.

सोबत न्यायचं : हॉल तिकीट, केलेल्या अर्जांच्या शिक्का असलेल्या प्रती, त्या दिवशी लिहून ठेवलेला कागद, मुलाच्या अक्षराच्या दोन-तीन जुन्या वह्या, सराव परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका. शेवटची गोष्ट लोक विसरतात. सराव परीक्षेत त्याच विषयात चांगले गुण असतील, तर कॉपीची गरज काय होती, हा प्रश्न समितीच्या मनात आपोआप येतो.

तिथे गेल्यावर सापडलेला कागद आणि आपली उत्तरपत्रिका दाखवायला सांगा. ती बघितल्याशिवाय प्रश्नांना उत्तरं देऊ नका. बोलायचं मुलाने, बाबांनी शेजारी बसायचं. पालकच सगळं बोलू लागले की समितीचा विश्वास कमी होतो, असं आपल्याला वाटलं नाही तरी समोरच्याला वाटतं.

निर्णय विरोधात गेला तर लेखी आदेश मागून घ्या आणि फेरविचाराचा अर्ज करा. त्यापुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. दहावीचा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी यात बसतो. १५१०० या क्रमांकावर विचारता येतं. मात्र न्यायालय पेपर पुन्हा तपासत बसत नाही. ऐकून घेतलं का, कागद दाखवले का, निष्कर्षाला काही आधार आहे का, एवढंच बघतं.

आणि खरोखर केली असेल तर?

मग वरचं बरंचसं बाजूला ठेवा. मुलगा घरी खरं बोलला असेल तर त्याला सुनावणीत खोटं बोलायला लावू नका. मंडळाच्या शिक्षासूचीत सगळे गैरमार्ग एका मापाने मोजलेले नाहीत. जवळ चिठ्ठी बाळगणं, दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहिणं आणि पर्यवेक्षकाला धमकावणं यांच्या शिक्षा वेगवेगळ्या आहेत. एका विषयाची संपादणूक रद्द होण्यापासून पुढच्या काही परीक्षांना बंदी घालण्यापर्यंत. कोणत्या प्रकाराखाली आपलं प्रकरण टाकलंय ते विचारा. चिठ्ठीचं प्रकरण वरच्या प्रकारात टाकलं असेल तर त्यावर हरकत घ्या. कबुली दिलेल्यालाही योग्य तेवढीच शिक्षा मिळण्याचा हक्क आहे.

परवाचा पेपर

आरोप झालेली बरीच मुलं दुसऱ्या दिवसापासून केंद्रावर जातच नाहीत. निकाल राखीव राहणार हे कळलं की अभ्यास सोडतात. पण चौकशी एका पेपरची असते आणि निर्णय यायला वेळ लागतो. निर्णय बाजूने लागला आणि मधले चार पेपर दिलेलेच नसतील, तर ते परत मिळत नाहीत. केंद्रसंचालक लेखी नाकारत नाहीत तोवर प्रत्येक पेपरला जायचं.

वर्गात सगळे बघतील. पहिली पंधरा मिनिटं अवघड जातील. शक्य असेल तर घरातलं कोणीतरी फाटकापर्यंत सोबत जा आणि सुटेपर्यंत तिथेच थांबा. रात्री मुलगा जेवला नाही, बोलत नाही, ‘आता काही अर्थ नाही’ असं म्हणू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.